वीतभर चिखलाची हकीकत

आदरणीय व्याहीबुवांस,

चष्मेवाल्याचा मनापासून नमस्कार. आपली प्रकृती, आपला डावा गुडघा आणि गॅलरीतली फुलझाडं ही तिन्ही टवटवीत असतील अशी आशा करतो. (गुडघ्याला टवटवीत म्हणत नाहीत हे मला कळतं, पण आपण भूगोलाचे मास्तर, भाषेचे नव्हे, म्हणून धीर केला.) मी इथे मजेत आहे. मला कशाचीही उणीव नाही, आपल्याकडून काहीही नको आहे, आणि हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी लिहीत आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मागच्या पत्रात मी 'घरात सगळं शांत आहे' असं कळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण शांततेतही जाती असतात. आपले चिरंजीव आणि आमची कन्या एकमेकांशी 'कृपया' लावून बोलू लागली होती. कृपया दार लाव. कृपया मीठ सरकव. माझी मंडळी हयात होती तेव्हा आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत एवढे भांडत असू की गिऱ्हाइकं चष्मा न घेताच परत जात, पण 'कृपया' आमच्या तोंडून कधी आलं नाही. संसारात हा शब्द शिरला की भिंतीत ओल शिरल्यासारखं समजावं. वरून रंग तसाच दिसतो.

भांडणाचं मूळ समुद्रात होतं. तोही आजचा समुद्र नव्हे. आपल्याला आठवत असेल, दोघं एकाच कचेरीत खडक तपासतात. कन्येच्या वाट्याला जुन्या, कधीच्या मेलेल्या प्रवाळांची चुनखडी आली आहे आणि जावयांच्या वाट्याला नदीने आणून टाकलेली वाळू आणि चिखल. एकाच प्राचीन किनाऱ्याच्या या दोन बाजू. इकडे प्रवाळांची भिंत वाढत होती, तिकडे नदी आपलं ओझं ओतत होती. कचेरीतल्या मोठ्या बाईंना हवं होतं ते एवढंच, की इकडचा कुठला थर तिकडच्या कुठल्या थराच्या वेळचा, ते दोघांनी मिळून एका तक्त्यावर दाखवावं. कारण त्या वाळूत गोडं पाणी आहे, जवळच्या वस्तीला ते हवं आहे, आणि भोक कुठे पाडायचं ते त्या तक्त्यावरून ठरणार होतं.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं. पण चुनखडी आणि वाळू यांचं तोंड एकमेकांशी अजिबात मिळत नाही, तेव्हा रूपावरून सोयरीक जमवता येत नाही. म्हणून ही मंडळी समुद्राच्या चढउताराचा माग काढतात. समुद्र चढला की प्रवाळ खुशीत येऊन पाण्यासोबत उंच उंच वाढतो, आणि तेवढ्या काळात नदीची वाळू मुखापाशीच अडून राहते, पुढे खोलात जातो तो नुसता बारीक चिखल. समुद्र उतरला की उलट. प्रवाळ उघडा पडून मरतो, पावसाने झिजतो, त्याच्या माथ्यावर खड्ड्याखड्ड्यांची एक तांबडी रेघ तेवढी उरते. आणि नदी मात्र मोकाट सुटून वाळूचे ढिगारे खोलात नेऊन टाकते. म्हणजे एक राबत असतो तेव्हा दुसरा बसलेला. (चुकलं असेल तर मास्तर, लाल शाई मारावी. जेवताना दोघांकडून आलटून पालटून ऐकलेलं आहे, त्यात मधूनमधून 'कृपया' गाळलं आहे.)

आता घोळ असा, की कन्येच्या चुनखडीत तांबड्या रेघा होत्या दोन, एक खाली आणि एक बरीच वर. आणि जावयांच्या बाजूला वाळूचा ढिगारा होता एकच, चांगला जाडजूड. कन्या म्हणे, तो खालच्या रेघेच्या वेळचा. जावई म्हणत, वरच्या. हा तक्ता जेवणाच्या टेबलावरून निघून बोळातून माझ्या खोलीपर्यंत अंथरलेला असे. निळी बाजू कन्येची, पिवळी जावयांची, आणि मधे हातभर कोरा कागद, त्यावर माझी खुर्ची. मी सकाळी बगळ्यासारखा पाय उचलत आंघोळीला जाई. एकदा टाचेखाली कुणाची तरी काही लाख वर्षं चुरगळली तेव्हा दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात एकत्र केलेलं त्यांचं ते एकमेव काम.

दुपारी मी कचेरीच्या तळघरात डबा घेऊन जात असे. तिथे जमिनीतून उपसलेले दगडी दांडे लांब खोक्यांतून ओळीने ठेवलेले असतात. थंड, अर्धवट उजेड, नळाचा ठिपठिप आवाज. कन्या ओल्या फडक्याने दगड पुसे आणि कोरडा राखाडी दांडा एकदम जिवंत होई. एके दुपारी तिने भिंग माझ्या हातात दिलं. मास्तर, मी आयुष्यभर लोकांना भिंगं दिली, स्वतः मात्र समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांपलीकडे काही पाहिलं नव्हतं. आत फुलं होती. नखाएवढ्या चकत्या, त्यांत बारीक पाकळ्या, एकीला खेटून एक. मला वाटलं, आपण श्वास जोरात सोडला तर ती मिटतील. किती वेळ गेला कोण जाणे. मी मान वर केली तेव्हा कन्या दगडाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"बाबा, मी बदली मागणार आहे," ती म्हणाली. "एकटीची."

मी भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. तक्त्यावरून का, असं मी विचारलं, तर म्हणाली की तक्त्यावरून नव्हे, आपण चुकत असू असं त्याला एकदाही वाटत नाही यावरून. जावयांना मी जिन्यात गाठलं. त्यांनी तिच्याबद्दल नेमकं हेच वाक्य मला ऐकवलं. अशा वेळी शहाणा बाप काय करतो मला माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत डोंगरावर जायला निघालो.

त्या भागात एक उघडा कडा आहे. त्याच्या एका टोकाला चुनखडी, दुसऱ्या टोकाला वाळूचा दगड. ठरलं असं, की कन्येने आपल्या टोकाकडून खालची तांबडी रेघ धरून चालायचं, जावयांनी आपल्या ढिगाऱ्याचा माथा धरून, आणि मधे मी झेंडा आणि चहाचा थर्मास घेऊन बसायचं. दोन्ही रेघा माझ्यापाशी येऊन मिळाल्या तर कन्या खरी, नाही मिळाल्या तर जावई. कृपया हलू नका, असं मलाही दोघांनी बजावलं. मी सावली बघून एक गार, मऊ जागा शोधली आणि तिथे टेकलो. वारा पडला होता. दोघं दोन ठिपके झाली, मग तेही राहिले नाहीत.

मला झोप लागली. (बैठक मऊ होती, पुढे त्याचा उलगडा होईल.) स्वप्नात माझं दुकान पाण्याखाली होतं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. वरून उजेड हेलकावत येत होता, भिंतीवरच्या चष्म्यांच्या चौकटींना फुलं धरली होती, आणि माझी मंडळी काउंटरवरचा बारीक गाळ फडक्याने पुसत होती. पुसलं की पुन्हा बसे. मी म्हटलं, राहू दे ना. ती म्हणाली, बसू दे त्याला, मला कुठं घाई आहे. आणि पुसत राहिली. ती इतकी सावकाश पुसत होती, की मास्तर, मला जागं व्हायचं नव्हतं.

जाग आली ती हाकांनी. जावई माझ्या डोक्यावर, पुरुषभर उंचीच्या कंगोऱ्यावर खडकाला हात टेकून उभे. कन्या माझ्या पायांखाली तितकीच खोल, तिचाही हात खडकावर. रेघा माझ्यापाशी मिळाल्या नव्हत्या. एक माझ्या वरून चालली होती, दुसरी खालून. तुम्ही हललात का, असं दोघांनी एकदमच विचारलं. मी शपथेवर नाही म्हणालो आणि ते सिद्ध करायला उठून उभा राहिलो.

कन्या वर चढून आली आणि माझ्या मागे थबकली. पँटच्या बैठकीवर राखाडी चिखलाचा मोठा गोल उठला होता. मी लाजलो, तर तिने मला हलू दिलं नाही. "बाबा, बसा. नको, उभेच राहा." जावई खाली उतरले. मग आपले चिरंजीव आणि माझी कन्या, दोघंही उच्चशिक्षित, गुडघ्यांवर बसून माझ्या बैठकीकडे भिंगातून पाहू लागली. त्यानंतर मी बसलो होतो ती जागा त्यांनी हातांनी उकरली. वाळूच्या दगडाच्या दोन जाड थरांमधे वीतभर मऊ चिखल होता. वरच्या वाळूतलं पाणी त्यावर अडून झिरपत होतं, म्हणून ती जागा गार. जावयांच्या टोकाकडे जाता जाता तो चिखल बोटाएवढा झाला, मग काडीएवढा, मग नाहीसाच. कारण दुसऱ्यांदा समुद्र उतरला तेव्हा नदीने येताना तो खरवडून नेला होता. त्यापुढे वाळूवर वाळू बसली आणि दोन ढिगारे एक दिसू लागले. जावयांनी आजवर भोकं पाडली होती ती सगळी तिथेच. म्हणजे समुद्र दोनदा उतरला होता. तिची खालची रेघ खरी होती, त्यांची वरचीही खरी होती, आणि 'एकच' हा शब्द तेवढा खोटा होता.

जावई चिखलावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "दोन रेघांमधली तुझी ती एवढी उंच भिंत. माझ्याकडे तिच्या नावावर फक्त एवढा चिखल आहे."

"तेवढा सगळा काळ तू काय करत होतास?" तिने विचारलं.

"बसून होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, काही घडतच नाहीये."

त्यांच्या बाहीला लागलेला चिखल तिने नखाने काढायला घेतला, मग राहू दिला. मी थर्मास उघडला. चहा थंड झाला होता आणि तिघांनी तो एकाच झाकणातून प्यायला. परतीच्या वाटेवर ती दोघं एवढ्या मोठ्याने भांडली, वरच्या ढिगाऱ्यात पाणी जास्त की खालच्यात यावरून, की ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मी मागे डोळे मिटून बसलो होतो. एकही 'कृपया' ऐकू आलं नाही.

तक्ता झाला, मोठ्या बाईंना पटला, भोक पाडायची जागा ठरली. बदलीचं पुन्हा निघालं नाही, निदान एकटीच्या नाही. तेव्हा काळजी नसावी. गुडघ्याला जपावं.

आपला स्नेहांकित व्याही,
चष्मेवाला

ता. क. चिखलाचा डाग कशाने जातो ते आपल्याला माहीत असल्यास कळवू नये. कन्येने ती पँट धुवायची नाही असं सांगितलं आहे.

ता. क. २. वर 'एकटीच्या नाही' असं लिहिलं आहे, त्याचा खुलासा राहिला. दोघांना मिळून दूरच्या एका किनाऱ्यावर हेच काम दिलं आहे. तंबूत राहायचं, होडीतून हिंडायचं, म्हणजे माझ्या वयाला तिथे जागा नाही. मला मागे एकटं ठेवावं लागेल म्हणून ती नाही म्हणायला निघाली होती. तेव्हा मी सांगून टाकलं, की व्याहीबुवांनी मला केव्हाचं राहायला बोलावलं आहे, अगदी हट्टच धरला आहे. दोघांचे चेहरे असे खुलले की मला आणखी सांगत जावं लागलं. आपण माझ्यासाठी खाट रंगवून घेतली आहे, इथपर्यंत मी गेलो. तरी कृपया (हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे) मला बोलवावं. मी घोरतो, पण लयीत. आपणही एकटेच असता. संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या मावतात, हे मी लग्नाच्या वेळी पाहून ठेवलं आहे.

ता. क. ३. उत्तराची घाई करू नये. हे पत्र आणि मी बहुधा एकाच गाडीने निघू. मी आधी पोचलो, तर दार उघडताना पत्र वाचल्यासारखा चेहरा तेवढा करावा. जावई मला सोडायला सोबत असतील.