म्हस्कूच्या नावानं आलेलं टपाल

बारामती
१२ मार्च १९९९

म्हस्कू यास,

थोरली बहीण रंगुबाई हिचा जयभीम. आमी हितं समदी खुशाल हाय. रश्मी आणि पोरं बरी असतील असं धरून चालती, कारण दीड वर्षात तू काय कळवलं न्हाईस आणि मीबी विचारलं न्हाय. इंदापूर काय मुंबईच्या पलीकडं न्हाय, एसटीनं सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला पोचतंय. पण ते असू दे.

मंगळवारी तुझा फोन आला त्याच्यावर लिहायला बसलीय. दीड वर्षानं तुझा आवाज ऐकला आणि तो खेकसताना ऐकला. "तुझ्या दुकानातनं आमच्या ऑफिसात घाण आली," असं तू माझ्या मेघनाला म्हणलास. पहिली गोष्ट, ते दुकान न्हाय. कॉम्प्युटरचा क्लास हाय, आमच्या पुढच्या खोलीत, चार मशिनी हायत आणि बाहेर पाटी हाय. दुसरी गोष्ट, घाण आमच्याकडनं निघाली न्हाय. ती तुझ्याच टेबलावरनं निघाली. ते पुढं सांगती.

तू एवढ्या मोठ्यानं बोलत हुतास की पोरीनं रिसिव्हर कानापासनं लांब धरला, आणि मला आत भाकरी थापताना सगळं ऐकू आलं. ती म्हणली, "मामा, ओरडू नका. आधी फोनची वायर काढा."

तू म्हणलास, "वायर काढली तर बोलू कशावर, तुझ्या डोक्यावर?"

"कॉम्प्युटरला लावलेली हो. मशीनच्या पाठीमागची."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग लांबनं तुझा साहेब म्हणतोय, "अहो, पंखा का बंद केला?" मेघनानं तोंडात ओढणी कोंबली. मी परातीवरनं उठून आली, पीठ तसंच हाताला.

आता तुला कळाया पायजे म्हणून लिहिती, कारण फोनवर तू निम्मं ऐकलंस आणि निम्म्यात भांडलास. मेघनानं मला समजून सांगितलंय. हा जो कॉम्प्युटरातला किडा हाय तो काय उसातला न्हाय, कुणीतरी रिकामटेकड्या माणसानं बसून लिहिलेला असतो. तो इंटरनेटवरच्या टपालात बसून येतो. टपालाला एक पुडी चिकटवलेली असती. पुडी उघडली की पडद्यावर रंगीत फुगं उडत्यात, लई छान दिसत्यात, आणि तवर हा मागनं त्या मशिनीत जेवढ्या माणसांचं पत्ते असतील तेवढ्यांना तसलीच पुडी धाडून मोकळा होतो. आणि धाडताना मालकाचं नाव लावतो. म्हंजे घेणाऱ्याला वाटतं आपल्या वळखीच्याच माणसानं पाठवलंय. मग तोबी उघडतो. त्याच्या वळखीच्यांना जातं. वळख जेवढी लांब तेवढा किडा लांब. चोर आडवाटंनं येतो, हा आपला सोयऱ्याचा हात धरून पुढच्या दारानं येतो.

तुझ्याकडनं आमच्याकडं सोमवारी सकाळी आला. आमच्याकडनं सगळीकडं सोमवारी दुपारी गेला, त्यात परत तुझ्याकडंबी आला. टपालावर येळ असती, मेघनानं मला दाखवली. तवा आवाज कमी कर.

हितं काय कमी तारांबळ झाली न्हाय. चारी मशिनी एकमेकीला वायरीनं बांधलेल्या. मेघना बँकेतनं आली, पडद्यावर फुगं बघितलं आणि चप्पल न काढता पळत जाऊन फोनची वायर उपटली, मग मधल्या वायरी उपटल्या. तवर दोन मशिनींत शिरला हुता. पोरांनी टाइप केलेलं कायकाय कोरं करून ठेवलं. पण पोरगी दर शनिवारी सगळं फ्लॉपीवर उतरवून माझ्या कपाटात लुगड्याखाली ठेवती, मी किती येळा ओरडली की माझं कपाट काय गोदाम हाय का. आता ओरडणार न्हाय.

औषध इंटरनेटवरनं मिळतं, पण इंटरनेट लावलं की किडा बाहेर पळणार. मग तिच्या पुण्याच्या मैत्रिणीनं औषधाची फ्लॉपी स्वारगेटला बारामती गाडीच्या कंडक्टरकडं दिली. आमी स्टँडवर उभं. कंडक्टर म्हणला, "मावशी, ह्या वडीएवढ्या डब्यासाठी तुमी उन्हात उभ्या?" मी म्हणलं, गुमान दे. त्या फ्लॉपीला एक बारकी खिडकी असती, ती सरकवली की तिच्यातलं वाचता येतं पण तिच्यात काय शिरत न्हाय. आमच्या घराला अशी खिडकी असती तर लई बरं झालं असतं.

ऑफिसातल्या समद्या मशिनी साफ झाल्याबिगर एकबी वायर परत जोडायची न्हाय, हे तिनं तुला फोनवर तीनदा सांगितलं आणि तू तीनदा "का पण?" विचारलंस. आपल्या सांगवीच्या घरची आठवण काढ. आई आपली डोकी एकाच दिवशी, एका वळीत बसवून विंचरायची. एकाच्या उवा काढल्या आणि दुसऱ्याच्या ठिवल्या, तर दोघं एका वाकळंवर झोपून सकाळी परत खाजवायला तयार. तसंच हाय हे. शाळा शिकलास पण उवा विसरलास.

हे उघडलं कुणी, असं तू विचारलंस. उघडलं कुणीतरी. क्लासात दिवसभर माणसं येत्यात जात्यात, कुणाकुणावर नजर ठेवायची. मेघनानंबी त्याची चौकशी केली न्हाय. तिनं भिंतीवर कागद लावलाय: 'पुडी वळखीच्या माणसाची असली तरी उघडू नका. आधी फोन करून विचारा, तुम्हीच पाठवली का.' मराठीत लिहिलंय, लाडवाएवढी अक्षरं. क्लासची पोरं सगळी कॉलेजातली, त्यांना एवढं मोठं कशाला लागतंय काय म्हाईत.

शेवटी तू फोन ठेवताना तिला म्हणलास, "जेवलीस का?" ते मी ऐकलं. तुला वाटलं असंल ऐकलं नसंल.

आता खरं काम. मेघनाचं लग्न ठरलं. बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी, हितंच बारामतीत. पोरगा सुगत, एसटीच्या डेपोत मेकॅनिक हाय, तुझ्या वरकुट्याच्या मेव्हण्यासारखा मास्तर न्हाय. तू तुझ्या मेव्हण्याला मेघना द्यायचा शब्द दिला हुतास आणि आमच्या पोरीनं न्हाय म्हणलं, म्हणून तू आमचा उंबरा सोडलास. तिनं क्लास काढायचा म्हणलं, मी तिची बाजू घेतली. आजबी घेती. त्यावर मी काय लिहिणार न्हाय.

पण मामानं पोरीचा हात धरून तिला मंचावर आणायचं असतं. तुझ्याबिगर तिला दुसरा मामा न्हाय. पत्रिका धाडू का नगं, एका वळीत कळव. उगं पानभर लिहू नगंस.

रंगुबाई


बारामती
२७ मार्च १९९९

म्हस्कू,

जयभीम. तुझं कार्ड आलं. एक वळ मागितली तर तू कार्डाच्या दोन्ही अंगांना लिहिलंस, पत्त्याला जागा ठेवली हेच नशीब. आणि पत्रिकेचं त्यात एक अक्षर न्हाय.

किडा तुझ्याकडं पुण्याच्या मोठ्या ऑफिसातनं आला हे तुझ्या साहेबानंच शोधून काढलं, म्हंजे आमी सुटलो, बरं झालं. तूबी काय सोडणारा न्हाईस. लिहितोस, "पण तुमी का उघडलं? दुसऱ्यांना शिकवणाऱ्या पोरीच्या क्लासात हे उघडतं कोण? नाव कळव, बघतो त्याच्याकडं."

बघ मग. मी उघडलं.

सोमवारी मेघना बँकेत गेली हुती. मी खोली झाडत हुती. मशीन चालू हुतं. ती टपाल कसं बघती ते मला म्हाईत हाय, मी रोज तिच्या मागं उभी असती. त्यात वळीनं नावं असत्यात, समदी इंग्रजीत, मला एकबी वाचता येत न्हाय. एकच येतं. तू मॅट्रिकला वसतिगृहात गेलास तवा पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं तुझं नाव घातलं हुतंस, आई म्हणली मराठीत घाल, तू म्हणलास इंग्रजीतच पायजे. ती पेटी माझ्याकडं हाय. तांदूळ ठेवती तिच्यात. रोज भात करती, रोज ती अक्षरं बघती. आणि तुझ्यासारखं नाव सगळ्या जगात दुसऱ्या कुणाचं असणार न्हाय, तवा चुकायचा प्रश्नच न्हाय.

आत काय लिहिलं हुतं ते कळलं न्हाय. खाली पुडी हुती. मेघनाची मैत्रीण फोटो पाठवती तवा अशीच पुडी येती. मला वाटलं तू पोरांचा फोटो पाठवला असशील. धाकटा आता केवढा झालाय मी बघितलं न्हाय.

तर दाबलं. फुगं आलं. लाल, पिवळं, खालनं वर चाललेलं. मी केरसुणी हातात घिऊन तितंच उभी राहिली. मला वाटलं, बघा, राग गेला वाटतं, भाऊ फुगं धाडतोय. खोटं कशाला लिहू, हसली एकटीच. मेघना येऊन किंचाळली तवा कळलं की ते तू न्हवंस.

तिनं मला काय विचारलं न्हाय. भिंतीवरचा कागद माझ्यासाठी हाय हे मला ध्यानात यायला आठवडा लागला. आधी फोन करून विचारा म्हणं. पोरगी शहाणी हाय, पण ज्याच्याशी बोलणं न्हाय त्याला फोन कसा करायचा ते तिनं कागदावर लिहिलं न्हाय. बोलणं असतं तर मी लगोलग विचारलं असतं, तू न्हाय म्हणला असतास, आणि किडा माझ्या दारातच मेला असता. म्हंजे निम्मी चूक तुझी.

आणखी एक. हे मेघनानं मला परवा सांगितलं, आणि सांगताना तिला नीट बोलता येईना, हसत हुती का रडत हुती कळंना. किडा आपल्या मनानं पत्ता शोधत न्हाय. मशिनीत मालकानं जो लिहून ठिवलेला असतो, त्यालाच जातो. क्लास काढला तवा तिनं तुला इंटरनेटवरनं टपाल धाडलं हुतं, मामा या म्हणून. तू उत्तर दिलं न्हाईस. पण पत्ता तू लिहून ठिवलास. न्हाईतर तुझा किडा आमच्याकडं येतोच कशाला?

आता म्हण, रागावलोय म्हणून.

तुझ्या कार्डाच्या कडंला रश्मीनं बारक्या अक्षरात घुसडलंय ते तू वाचलं नसशील. वाचून दाखवती. "ताई, माझ्या भावाचं गेल्या वर्षीच लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तो मजेत आहे. राग एकट्या ह्यांनी धरलाय. मेघनाचा फोन झाला त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या." बायको चांगली मिळाली तुला. तुझ्या लायकीपेक्षा चांगली.

मेघनाला मी म्हणलं, मामाला काय लिहू? ती म्हणली, "लिही, साफ झालेल्या मशीनवर महिनाभर लक्ष ठेवा, आणि औषध नवीन येईल तसं घालत राहा, जुन्या औषधाला नवा किडा दाद देत नाही." मी म्हणलं, अगं लग्नाचं काय लिहू? तर म्हणली, "ते तू लिही, मला लाज वाटते."

म्हणून मी लिहिती. पत्रिका धाडणार न्हाय. पत्रिका परक्याला धाडत्यात.

तुझ्या शर्ट-पायजम्याला पांढरं कापड घेतलंय. टेलरकडं तुझं जुनं माप दिलं. तो म्हणला, "बाई, दीड वर्षात माणूस तोच ऱ्हातो व्हय?" मी म्हणलं, पोट सुटलं असंल, बाकी हाय तसाच हाय. त्याला ते पटंना. कापड कापायचं थांबलंय. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये आणि माप दे. रश्मीला, पोरांना घिऊन ये. भात टाकून ठेवती.

तुझी
रंगूआक्का