दोन प्लंबर आणि एक पंप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी घोटून घेतलेल्या सरळ अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. तीन वर्षे बादल्या वाहिल्याने दंडातली ताकदही शाबूत आहे.

१. घर माझे. वर मुलगा, खाली मुलगी आणि मी, जिन्यात अबोला. तीन वर्षांपूर्वी पाण्याचा पंप बिघडला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, दुरुस्त मी करायचा आणि तिने आयती आंघोळ करायची?" मुलगी म्हणाली, "दादाला गरज असेल तर करेल तो." एकट्याने हलण्यात तोटा, म्हणून दोघे ठाम. गणितात याला समतोल म्हणतात. समतोल म्हणजे सुख नव्हे, हे मी बावीस वर्षे फळ्यावर दोघांच्या दोन-दोन चालींचे चार चौकोन काढून शिकवले. माझ्याच पोटच्यांना कळले नाही!

२. म्हणून वकिलांसमोर मी दोघांना अट घातली. सोमवारी दोघांनीही प्लंबर आणला, तर आपापला मजला आपापल्याला. एकानेच आणला, तर सगळे घर त्याचे. कुणीच नाही, तर घर माझ्या जुन्या शाळेला. आता समोरचा काहीही करो, प्लंबर आणण्यातच शहाणपण.

३. सोमवारी साडेसातला फाटकात दोन प्लंबर.

"आजी, पंप एकच आहे ना?"

"पंप एकच. मुलं दोन आहेत."

तेवढ्यात मुलगी जिन्यात आली. तीन वर्षांनंतरचे पहिले वाक्य: "दादा, तुझ्या माणसाने पाना तरी आणलाय का?"

"तुझ्या माणसाचा वापरेल. आयता."

दोघेही हसले. मी हसले नाही. जिंकणाऱ्याने हसू नये. सबब वरचा मजला मुलाला, खालचा मुलीला.

४. शाळेच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत "मुलींना जुगार शिकवता का?" म्हणून माझा तो चार चौकोनांचा धडा बंद पाडला. त्यांना त्याच चौकोनांचा कागद, फ्रेमसह. खिळाही सोबत देते.

५. बादल्यांना भोके पाडून त्यांत झाडे लावावीत. त्यांनी पुन्हा पाणी वाहू नये.

६. माझ्या मृत्यूच्या दिवशी पंप बंद आढळल्यास, तेराव्या दिवसापर्यंत मुदत देऊन कलम दोन पुन्हा लागू.

हे लिहीत असताना टाकी भरून वाहते आहे. बटण बंद करायला दोघेही जिन्यात धावले आहेत. मी खुर्चीतून उठलेले नाही.

साक्षीदार: मुलाचा प्लंबर (सही), मुलीचा प्लंबर (सही)
सही: आई
स्थळ: खालची खोली, नळाजवळ
दिनांक: पाणी आले त्याचा दुसरा दिवस, मंगळवार