टॉवेलची नक्कल

कसबा पेठ, पुणे
१३ जानेवारी २०२५

रंगराव यांस,
स. न. वि. वि.

फोन बंद ठेवलाय आणि कंपनीवाल्यांच्या ग्रुपमधून बाहेर पडलोय, म्हणून हे पत्र. दुसरंही कारण आहे. माझ्या आवाजाची नक्कल तुला येते, अक्षराची येत नाही.

काल तुझ्या शेतावर हुरड्याला यायला मला उशीर झाला. मागच्या बाजूने आलो. तू खाटेवर बसला होतास, टॉवेल उराशी धरून, मधूनच त्याचा वास घेत, आणि नाकातून माझ्या रडण्याचा आवाज काढत होतास. बावीस माणसं हसून लोळत होती. कचरूला तर ठसका लागला होता.

दिवाळीनंतर तुझ्या ओटीवर बसून मी तुला सांगितलं होतं, की सरोजिनी गेल्यापासून तिची जांभळी साडी उशाशी घेतल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि तिचा वास जाईल म्हणून मी ती धूत नाही. हे ऋतिकालाही ठाऊक नाही, आणि ती पोटची मुलगी आहे. अठ्ठावीस वर्षं आपण एका मशीनवर उभे राहिलो, एका डब्यात जेवलो, म्हणून तुझ्याजवळ बोललो. आवाज मात्र तू हुबेहूब पकडलास. अभिनंदन.

मला तुझी किळस आली, रंगा. घरी येऊन साडी कपाटात टाकली. हातात घेतली की तुझा टॉवेलच दिसतो.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. या वेळी हात पुढे सरकत नाही.

ज्ञानदेव


वाघोली
१६ जानेवारी २०२५

प्रिय ज्ञानबास,
रंगाचा रामराम.

तुझं पत्र आधी सत्यशीलेच्या हाती पडलं. तेव्हापासून मला चहा मिळालेला नाही, म्हणजे शिक्षा सुरू झाली असं समज.

अरे गड्या, मी मोठ्या साहेबांची नक्कल केली, युनियनच्या पुढाऱ्याची केली, सख्ख्या बापाची केली. कुणी असं तोंड फुगवलं नाही. तुझं नाव तर मी घेतलंसुद्धा नव्हतं. आणि तू स्वतःच पुढे येऊन हसलास, माझं रडणं याहून बेसूर आहे असं सगळ्यांना सांगितलंस, वर दोन ताटल्या हुरडा खाल्लास. मग ही किळस आली कधी, परतीच्या बसमध्ये? एवढं मनाला लावून घ्यायला आपण काय बायका आहोत?

सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवतोय. गोड बोलायचं की नाही ते तू ठरव. लोभ होता तेवढाच राहू दे.

तुझा रंगा


कसबा पेठ
२० जानेवारी २०२५

रंगराव यांस,
नमस्कार.

डबा परत पाठवतोय. तिळगूळ शेजारच्या आम्रपालीताईंना दिला, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

हो, हसलो. तीच तर घाण आहे. बावीस माणसांसमोर माझ्याच रडण्याला मी दाद दिली, कारण न हसता उभं कसं राहायचं ते मला सुचलं नाही. तुझी किळस एखादे दिवशी जाईलही. स्वतःची आली आहे ती आंघोळ करूनही जात नाही.

आपण काय बायका आहोत, असं विचारतोस. सरोजिनी गेली त्या दिवशी सत्यशीलावहिनी ऋतिकाला कुशीत घेऊन दोन तास बसल्या होत्या. तू गल्लीत गाडी लावायला जागा शोधत होतास. ओटीवर मी तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं, तेव्हाही तू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलास आणि पेरूच्या भावाबद्दल बोललास. म्हणून एकच विचारतो. तेव्हा तुला माझी किळस आली होती का? खरं असेल ते लिही.

बाकी क्षेम. लोभाचं तुझ्या उत्तरानंतर पाहू.

ज्ञानदेव


वाघोली
२७ जानेवारी २०२५

प्रिय ज्ञानबास,
रामराम.

हो, आली होती. तुझ्या नाकाडोळ्यांचं पाणी माझ्या शर्टाला लागलं आणि तू फाटकाबाहेर पडल्यापडल्या मी तो बादलीत भिजत टाकला. मग न्हाणीत नळ सोडून बसलो आणि रडलो. कशाला, ते मला सांगता येणार नाही. बाप गेला तेव्हा रडलो नव्हतो. तेराव्याला त्याच्या खोकल्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवलं होतं. मला दुसरं काही येतच नाही.

काल कर्वेनगरला कचरूच्या घरी सगळे जमले होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की ज्ञानबाने विश्वासाने सांगितलेलं मी चव्हाट्यावर मांडलं, हे नीच काम झालं. बोलता बोलता नाकातून तोच आवाज निघाला. या वेळी खरा. ज्ञानबा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. वन्समोअर मागितला. कचरूने आतून टॉवेल आणून माझ्या मांडीवर टाकला. मला थांबता येईना, आणि मी जितका रडलो तितके ते जास्त हसले.

खाली येऊन जिन्याशी ओकलो. आधी त्यांची शिसारी आली. मग लक्षात आलं, की कुठे हसायचं हे त्यांना मीच इतकी वर्षं शिकवलंय.

लोभ मागायला तोंड नाही. तू बरा असावास, एवढंच.

रंगा


कसबा पेठ
३१ जानेवारी २०२५

प्रिय रंगा,
स. न. वि. वि.

राग गेलेला नाही. इतक्यात जाईल असंही दिसत नाही. पण तू हो असं लिहिलंस, ते बरं केलंस. साडी कपाटातून काढली आहे. वास बहुतेक गेलाच, तरी उशाशी ठेवली.

रविवारी सकाळी ये. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, शोधत बसू नकोस. पेरूचे भाव मला पाठ आहेत. हात कुठे ठेवायचे ते मलाही येत नाही, बसल्या बसल्या काहीतरी जमेल.

रडू आलं तर रड. मी टाळ्या वाजवणार नाही.

लोभ आहे.

ज्ञानदेव