मिस केतकीचा सत्कार

२ जून १९६८, रविवार. बर्मिंगहॅम.
सिमा दोन बॅगा घेऊन लेस्टरला बहिणीकडे गेली. म्हणाली, आयुष्यात एक तरी काम पुरं करून दाखवा, मग परत येईन. बावीस वर्षांच्या संसारातली ही पहिलीच अट. सोपी आहे. ऑक्टोबरपर्यंत उरकतो. कुठलं काम, ते ठरवायचंय.

९ जून.
ठरलं! आपल्या मराठी ज्यू लोकांच्या टी-पार्टीत बथशेबाआंटी भेटल्या. वय बासष्ट. मुंबईच्या मूकपटांत त्या ‘मिस केतकी’ होत्या! पाच वर्षांत अकरा चित्रपट. बॉब केलेले केस, गुडघ्यापर्यंत फ्रॉक, स्वतः मोटार चालवायच्या. आज कुणालाही नाव आठवत नाही. म्हणजे हा विषय फक्त माझा. पुस्तक लिहिणार. आधी जाहीर सत्कार.

३० जून.
आंटींच्या फ्लॅटवर (कौन्सिलचा, स्वस्त भाड्याचा). सांगत होत्या, बोलपट आले तेव्हा कंपनीने आवाजाची टेस्ट घेतली. त्यांचं हिंदुस्तानी मराठी वळणाचं. सगळे हसले, डायरेक्टरसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून कंपनीची गाडी न्यायला आली नाही. “मी सहा दिवस तयार होऊन खिडकीत बसले रे, हाईम,” म्हणाल्या. फार मोठं वाक्य. लिहून घ्यायला पेन काढलं, शाई संपलेली. पण लक्षात आहे.

११ ऑगस्ट.
पुस्तक: शीर्षक तयार. अर्पणपत्रिका तयार (सिमाला). मजकूर राहिलाय. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये ड्यूटीवर असताना लिहीत बसलो होतो, साहेबांनी पाहिलं. दुसरी वॉर्निंग. कलेची कदर नाही.
निमंत्रणं छापून आली. खाली ठळक: ‘मिस केतकी यांचा चित्रपट दाखवण्यात येईल.’ मुंबईला चुलतभाऊ जोशुआला रीळ शोधायला कळवलंय.

८ सप्टेंबर.
सिमाला पाचवं पत्र टाकलं. उत्तर नाही. टपालाचा घोळ असावा.
आंटींकडे गेलो. घरातही ओव्हरकोट आणि हॅट. काय ती स्टाईल! चहाबरोबर स्वतः अर्धाच टोस्ट घेतला. फिगर अजून सांभाळतात.

६ ऑक्टोबर.
जोशुआचं पत्र. अकरापैकी एकही चित्रपट शिल्लक नाही. चांदी काढण्यासाठी जुनी रिळं कधीच वितळवली. रात्रभर झोप नाही. निमंत्रणं सगळीकडे गेलीत, सिमालाही. प्रोजेक्टर मात्र बुक झालाय. काहीतरी होईल. व्हायलाच हवं.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
काल सत्कार झाला. अठरा माणसं. सिमा आली! शेवटच्या रांगेत बसली. मी भाषण सुरू केलं आणि थांबायची भीती वाटायला लागली, कारण पुढे दाखवायला काहीच नव्हतं. चाळीस मिनिटं बोललो. आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर श्रीकांतच्या बायकोने, सुलक्षणाने, पिक्चर कधी सुरू होणार म्हणून दोनदा विचारलं. मी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर नुसता पांढरा उजेड.
तेव्हा आंटी उठल्या. हॅट काढून खुर्चीवर ठेवली आणि त्या उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. हातात पत्र असल्यासारखं धरलं. वाचता वाचता हसल्या. मग पुढच्या ओळीवर हसू हळूहळू उतरलं. पत्राची घडी केली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि कुणीतरी दारात आल्यासारखं पुन्हा हसल्या. एक शब्द नाही. सुलक्षणा रडत होती.
म्हणजे काम पुरं झालं. मी सिमाकडे निघालो. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि आंटींचे हात धरले. मग मागे वळून म्हणाली, “हात बर्फ झालेत यांचे. चार महिने यांच्याकडे जाताय, एकदा तरी जेवायला बोलावलंत?”
मी म्हटलं, पुस्तकात सगळं येणार आहे.

२७ ऑक्टोबर.
आंटींच्या फ्लॅटचा हीटर गेल्या हिवाळ्यापासून बंद होता म्हणे. सिमाने त्यांना लेस्टरला नेलं. मला डॉक्टर श्रीकांतकडून कळलं.

३ नोव्हेंबर, रविवार.
कोच बसने लेस्टरला गेलो. आंटींनी दार उघडलं. माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आत हाक मारली, “सिमा, तुझ्याकडे कोणी गृहस्थ आलेत.” सिमाने चहा दिला. परत कधी येणार विचारलं. म्हणाली, इथे शाळेच्या किचनमध्ये नोकरी लागली आहे, आंटींनाही सोबत हवी. रागावली नव्हती. रागावली असती तर समजूत घातली असती. दोघी बाजारात जायला निघाल्या होत्या, म्हणून मीही निघालो. कोपऱ्यापर्यंत बरोबर आल्या. मग त्यांची बस आली.