फेडलेलं घर, पुन्हा गहाण?

प्रिय अहो,

आयुष्यभर जी हाक मारली तीच लिहिते. तुमचं नाव लिहायला अजूनही हात धजत नाही.

आज दुपारी आपला रोनाल्ड न जेवता उठून गेला. कोळंबीचं कालवण तसंच राहिलं. मी त्याला नाही म्हटलं म्हणून! आता घरात भांडायला दुसरं कोणी नाही, तेव्हा तुमच्याशीच भांडते.

आपल्या मुलाला, राहतो त्या विरारलाच, मोठा फ्लॅट घ्यायचाय. त्याच्या पगारावर बँक हवं तेवढं कर्ज देत नाही, म्हणून हे आपलं उमेळ्याचं घर गहाण ठेवायचं. त्याला माझी सही हवी. म्हणतो, "आई, डॅडींनी सगळं फेडून ठेवलंय ना? मग घर नुसतं पडूनच आहे की!"

पडून आहे! ऐकलंत?

घराच्या कर्जाचा हप्ता तुमच्या पगारातून जायचाच. पण तुम्ही रिक्षाचे पैसे वाचवून स्टेशनवरून चालत यायचात, मी निर्मळला राहणाऱ्या माझ्या भावाच्या वाडीतला मोगरा आणून गजरे विकायचे, आणि ते सगळं एका डब्यात पडायचं. डबा भरला की तुम्ही बँकेत जाऊन हप्त्याच्या वर भरायचात. तिथला माणूस हसायचा, "काका, एवढ्याशाने काय होणार?"

"मुद्दल कमी होणार," तुम्ही म्हणायचात.

मुद्दल हा शब्द मी तुमच्याकडून शिकले. आज शंभर रुपये मुद्दलातून गेले की त्यांचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं, हे तुम्ही मला चुलीजवळ बसून समजावलंत. चौथीत शाळा सुटलेली मी. बँकेचे कागद वाचता वाचताच वाचायची गोडी लागली.

पण अहो, आशीर्वादाचं काय केलंत तुम्ही? सगळे नव्या घरात गेले की फादरना बोलावून घर आशीर्वादित करून घेतात. तुम्ही म्हणालात, "हे घर अजून बँकेचं आहे. फिटू दे, मग बोलावू." मी म्हटलं, "देव काय बँकेचे कागद बघतो?" तुम्ही हसलात. बस्स, हसलात!

मुदतीच्या कितीतरी आधी कर्ज फिटलं. तेव्हा तरी बोलवायचं ना! तर म्हणे, तुमचा धाकटा भाऊ आखातातून नाताळात येईल, मग सगळे मिळून. आणि नाताळाआधीच तुम्ही गेलात. फादर आपल्या घरात पहिल्यांदा आले ते तुमच्या मातीच्या दिवशी. त्यांनी तुमच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, त्यातले चार थेंब लादीवर पडले. आपल्या घराला मिळालं ते तेवढंच.

त्याच दिवशी तुमचा तो भाऊ मला काय म्हणाला, सांगू? "वहिनी, दादाने घाई केली. कर्ज राहिलं असतं तर विम्यातून फिटलं असतं."

कर्ज संपल्यावर कर्जासोबत काढलेला विमा कशाला, म्हणून तुम्हीच तो बंद केला होतात. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भावोजी, जन्मभर रिक्षा न करता चालत घरी आला तो माणूस. त्याने कसली घाई केली?" पण नंतर भावोजींचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच फुकट का हो गेलं सगळं?

नाही. निदान मला घर खाली कर म्हणणारं कोणी नाही. म्हणूनच आज रोनाल्डला नाही म्हटलं.

मग तो जे बोलला ते तुम्हीच ऐकायला हवं होतं. "तुम्हा दोघांचं काय, प्रत्येक गोष्ट कर्ज फिटल्यावर! सहलीला सगळा वर्ग गेला, मी घरी. आठवतंय? तेव्हाही डबाच भरत होता. माझ्या पोरीला मी असं वाढवणार नाही."

एवढं बोलून तो ताटावरून उठला. तुम्हाला तरी उत्तर सुचलं असतं का? मुद्दलाचा हिशेब तुम्हाला पक्का यायचा. त्या सहलीचं व्याज पोराच्या मनात वाढत होतं, ते नाही दिसलं आपल्याला. राग येतो हो तुमचा! आणि असा राग आला की तुमची आठवणही जास्तच येते.

आता माझं ऐका. सही मी करणार नाही. घर गहाण पडणार नाही, हा तुम्हाला शब्द. त्याने त्याच्या पगारात बसेल तेवढं घर घ्यावं, लहान तर लहान. पण उद्या सकाळी मी विरारला जाणार आहे. स्टेशनवरून त्याच्या दारापर्यंत रिक्षाने! कोळंबी नव्याने करून नेईन. नातीच्या शाळेची सहल निघते आहे, तिचे पैसे माझ्या गजऱ्यांच्या पैशांतून मी आधीच भरणार आहे. तो नको म्हणाला तरी.

तुमचीच,
फिलोमिना