नंबर तोच, अक्षर वेगळं

आये, तुझा खोकला थांबला ते वर्ष मी विसरलेलो नाही. त्याआधी मालवणजवळच्या त्या काजूच्या कारखान्यात बी उघड्यावर भाजायचे आणि तू बाकीच्या बायकांबरोबर त्या धुरात बसून फोडायचीस. घरी यायचीस ती तेलाने काळी पडलेली बोटं घेऊन. चुलीपाशी बसलीस की खोकला सुरू. मग शेठनी ठरवलं, भाजणं बंद, बी वाफेवर उकडायची. त्यासाठी लहान बॉयलर हवा होता आणि तो करायचं काम आलं नेमकं आमच्या मुंबईच्या वर्कशॉपकडे. मी तिथे नवाच इंजिनीयर. जागेचा नकाशा उलगडला आणि मी आधी तुझी जागा शोधली. बॉयलर, एक चिऱ्याची भिंत आणि पलीकडे तुम्हा बायकांची ओळ.

बॉयलरचा पोलादी पत्रा अमेरिकेहून आला. आम्ही मागवला होता तो बॉयलरवाल्यांच्या नियमांच्या पुस्तकातला. त्याच्या नंबराआधी 'एसए' असतं. आलेल्या पत्र्यावर ठसा नुसता 'ए', पुढचा नंबर तोच. फोरमन म्हणाले, "अहो, पोलाद तेच. एक एस नसला म्हणून काय बिघडलं?" ते अगदीच चुकत होते असं नाही. 'ए'चं पुस्तक सगळ्या कामांच्या पोलादाचं; 'एसए'चं फक्त बॉयलर आणि दाब सोसणाऱ्या टाक्यांचं. दुसऱ्याने पहिल्यातलीच पोलादं घेतलेली, पुष्कळशी जशीच्या तशी, काही आपली जादा अट घालून. पण पहिलं पुस्तक बदललं की दुसरं लगेच बदलतंच असं नाही. त्यामुळे नंबर एक असूनही अटी वेगळ्या निघू शकतात. आमचा पत्रा कुठल्या अटींवर बनला, हे कोणीच ठामपणे सांगेना.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. काम थांबवावं लागेल, असं सांगितलं. शेवटी म्हटलं, "साहेब, तिथे माझी आई बसते." ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणाची तरी आई बसतेच," ते म्हणाले. "कापा तुकडा, तपासून घ्या."

पत्र्याचे तुकडे काढले. एक तुटेपर्यंत ओढला, एक दुमडून दुहेरी केला, एकाचा रसायनशाळेत कस लावला. दुमडलेल्या तुकड्याच्या पाठीवर मी बोट फिरवत राहिलो. कुठे चीर नाही. दोन्ही पुस्तकांच्या अटींत पत्रा बसला आणि सरकारी इन्स्पेक्टरांनीही तो मान्य केला. मी नळावर जाऊन तोंड धुतलं, आणि मग उगाच पुन्हा धुतलं.

बॉयलर ट्रकने फोंडा घाट उतरून आला. पाण्याचा दाब देऊन तपासणी झाली आणि वाफ सोडायचा दिवस उजाडला. तू कारखान्यात शिरतेयस, डोक्याला फडकं बांधलेलं. मी तुला दारातच अडवतो.

"आये, आज जरा लांब बस."

"आणि बाकीच्यांनी खंय बसाचा?"

तू माझ्याकडे बघतेस. "तू बघलंस मां तो पत्रो?"

"बघलंय."

"मग झाला तर." आणि तू आपल्या जागेवर जाऊन बसतेस.

पहिली उकडलेली बी तुमच्यापुढे ओतली तेव्हा तू आधी वर छपराकडे पाहिलंस. धूर नव्हता. "बरा वाटता गो," शेजारणीला म्हणालीस आणि फोडायला लागलीस. पुढच्या दिवाळीला मी घरी आलो तेव्हा तू चुलीपाशी बसून गप्पा मारत होतीस, एकदाही न थांबता. त्यानंतर तू पुष्कळ जगलीस. तो बॉयलरही आपलं काम करून मुकाट निवृत्त झाला.

हे पत्र कपाटातच राहील. एक तेवढं सांगतो. वाफ सोडायच्या त्या दिवशी मला वर्कशॉपने पाठवलं नव्हतं. मी रजा टाकून आलो होतो, आणि दुपारपर्यंत बॉयलर आणि तुझी भिंत यांच्या मध्ये उभा होतो.