यंदा राग सोडला

२७ जुलै २०१५, देवशयनी एकादशी

आले: दाराचे वायरलेस इलेक्ट्रॉनिक लॉक, सोनेरी, नग १. त्याचा भिंतीवरचा डबा, त्याला गेटवे म्हणतात, नग १. लॉकसोबत साध्या किल्ल्या, नग ३ (कशाला दिल्या?). स्क्रू पुडीत. सगळे मिळून सव्वीस हजार चारशे, नागपूरहून कोहमारा नाक्यापर्यंत पोच. हमालाने तीस मागितले, वीस दिले. तो पुढे बोलणार तेवढ्यात खोका त्याच्या पायावर पडला. माझ्या हातून नाही, खोक्याच्या वजनाने.

आमचे कॉम्प्लेक्स हायवेला लागून. खाली टायरवाला आणि कृषी केंद्र, त्यांना शटर आहे, त्यांचे ते पाहतील. वर टेकचंद मास्तरांचा कॉम्प्युटर क्लास, भासऱ्यांचे ऑफिस आणि एक घरची खोली, तिथे महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची ट्रंक असते. वर जायला एक जिना, जिन्याला एक दार. त्या दाराला आजवर दोन कुलुपे होती, एक यांचे, एक यांच्या मोठ्या भावाचे, म्हणजे माझ्या भासऱ्यांचे. एकाला उशीर झाला की दुसरा पायरीवर बसून शिव्या देणार. मागच्या महिन्यात त्यातून बोलाचाली झाली आणि किल्ल्यांचा जुडगा भासऱ्यांच्या तोंडावर बसला. दात पडला. जुडगा त्या वेळी माझ्याजवळ होता एवढेच.

मोठ्या जाऊबाई जमुनाबाई तो दात कागदात बांधून माझ्यासमोर घेऊन आल्या. म्हणाल्या, "पुष्पा, या दारावर कोणाचं आणखी एक थेंब रक्त सांडलं ना, तं आमी दोघं राजनांदगावले हर्षिताजवळ जाऊन राहतो. मंग तू अन् तुझं दार." हर्षिता त्यांची मुलगी.

गेल्या तर गेल्या. फक्त रविवारी माझ्या डोक्याला तेल त्याच लावतात, माझा हात मागे पुरत नाही. तेवढी अडचण होईल.

म्हणून लॉक. किल्लीच नाही तर भांडण कशाचे? शिवाय चातुर्मास लागला. मागच्या साली वांगी सोडली होती, यंदा राग सोडला. वांग्यापेक्षा सोपे आहे. मला तसाही राग येत नाही.

२८ जुलै

लॉक कसे निवडले ते लिहून ठेवते. तीन तऱ्हा होत्या. नंबर दाबायचे नको, यांच्या पोटात नंबर राहत नाही, पानठेल्यावर सांगून येतील. कार्डाचे नको, भासरे कार्डाने दात कोरतील. अंगठ्याचे घेतले. अंगठा कोणी घरी विसरून येत नाही. अंगठा नाही चालला तर यांच्या मोबाइलवरूनही उघडते, वायर नाही काही नाही.

कंपनीवाल्याने फोनवर विचारले, वापरणारे किती. म्हटले चार, सगळे शांत स्वभावाचे.

दुपारी साध्या किल्ल्या नमस्कार करून तलावात टाकल्या. आमच्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदलेला तलाव आहे, गाळातून काही वर येत नाही. भांडणाचे मूळ गेले.

३१ जुलै, गुरुपौर्णिमा

लॉक बसले. गोंदियाहून ओमेश्वर नावाचा मिस्त्री आला. बोलणे सगळे हिंदी. सेल नवे, चांगल्या कंपनीचे लागतील म्हणाला. घड्याळातले दोन, रेडिओतला एक आणि टॉर्चमधला एक काढून दिला. "आंटीजी, ये नहीं चलेंगे." मी म्हटले, घड्याळात चालतात तर दारात का नाही चालणार, दार तर जागचे हलतही नाही.

मग पूजा. लॉकला हळदकुंकू लावले, काच पुसत पुसत तो ओरडत होता. नारळ चौकटीवर फोडला. करवंटीचा तुकडा उडून त्याच्या कपाळाला लागला. रक्त आले, पण ते पायरीवर पडले, दारावर नाही. जाऊबाईंनी नीट पाहून घेतले.

तो कपाळाला रुमाल धरून पहिल्या अंगठ्याबद्दल काहीतरी सांगत होता. ऐकायला वेळ नव्हता, मजुरीचे बोलायचे होते. पहिला मान मोठीचा हे मला कोणी शिकवायला नको. जाऊबाईंचा अंगठा आधी घेतला. मशीन बाईच्या आवाजात काहीतरी इंग्रजी बोलली, जाऊबाईंनी तिला हात जोडले. मग भासरे, हे, आणि शेवटी मी. शेवटचा माणूस तोच खरा कारभारी.

४ ऑगस्ट

राग आला नाही.

भासरे तंबाखू-चुना मळून आले आणि तोच अंगठा लावला. मशीन म्हणाली, प्लीज ट्राय अगेन. पुन्हा लावला. पुन्हा तेच. भासरे म्हणाले, "हे कोण बाई मले माझ्याच घरात येऊ नाही देऊन राहिली?" आणि दाराला लाथ मारली. सोन्यासारखे लॉक!

भासऱ्यांना हात लावायचा नसतो, त्यांच्याशी समोरून बोलायचेही नसते, हे मला चांगले कळते. मी पदर घेतला. भिंतीकडे तोंड करून म्हटले की ज्यांना हात धुता येत नाहीत त्यांनी खाली टायरजवळ बसावे. मग झाडू. हात लावला नाही.

जाऊबाईंनी त्यांचा पाय पाहिला, माझा झाडू पाहिला, म्हणाल्या, "रक्त नाही आलं म्हणून सोडतो वो." उद्यापासून पहाटे जपाची एक माळ जास्त.

९ ऑगस्ट

लॉक सकाळपासून किंचाळत आहे. सेल उतरले. घड्याळातल्या सेलांचा काही भरवसा नाही, आता घड्याळही बंद आहे. टायरवाल्याकडून चार सेल उसने आणून घातले.

आवाज ऐकून दोघे भाऊ धावत आले. याने म्हणायचे तू बिघडवले, त्याने म्हणायचे तू. हे छत्री घेऊन होते, भासऱ्यांनी मास्तरांची खुर्ची उचलली. दोघे एकमेकांच्या गळ्याला धरून जिन्यावरून खाली आले, सगळ्या पायऱ्या मोजत. मी मध्ये पडले, सोडवायलाच. उलथणे हातात होते कारण पोळ्या सुरू होत्या.

सूज आहे. सूज म्हणजे रक्त नव्हे.

१४ ऑगस्ट, जिवती

सकाळी केशोराव लोहार आला. जिवतीला तो घरोघरी चौकटीत खिळा ठोकतो, पिडा आत शिरू नये म्हणून. सुपात धान दिले. घरचे झाल्यावर म्हटले, कॉम्प्लेक्सलाही ठोक, पिडा तिथेच जास्त आहे. जिन्याचे दार लागलेले होते. त्याने बाहेरून चौकटीत खिळा घातला, नेमका तिथे, जिथे लॉकची जीभ आत जाते. खिळा जिभेतून आरपार.

भासरे आत होते.

अंगठा लावला. मशीनने स्वागत केले, दार हलले नाही. केशोराव म्हणाला, "आता पिडा येत नाही बाई." जाऊबाई म्हणाल्या, "येत नाही तं नाही गा, जे आत आहे ते बाहेर कसं येईन?" आतून भासरे सगळ्यांच्या माहेरचा उद्धार करत होते.

यांच्या मोबाइलवरून उघडून पाहिले. मोबाइलवर लिहून आले, दार उघडले आहे. मी मोबाइलला दार दाखवले. जरा जोरात दाखवले. मोबाइलचे तीन तुकडे.

मग केशोरावचा घण घेतला. हे म्हणाले, थांब, मिस्त्रीले बोलावतो. कशाने बोलावणार? पहिला घाव चौकटीवर, दुसरा लॉकवर, तिसरा माझ्या उजव्या अंगठ्यावर. चौथ्या घावाला दार आत गेले आणि भासऱ्यांवर पडले. हात लावला नाही.

रक्त पुष्कळ. दारावर, पायरीवर, केशोरावच्या धानावर. मी जाऊबाईंकडे पाहिले. त्यांनी पदर फाडला, माझा अंगठा बांधला आणि म्हणाल्या, "तुझं रक्त तुझंच व. ते नाही धरत."

मला तर तेव्हाही राग आला नव्हता.

१५ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहिते. सडक अर्जुनीला टाके घालून आणले. डॉक्टर म्हणाले नख येईल, पण अंगठ्यावरच्या रेषा पहिल्यासारख्या येतील असे नाही. म्हटले, मला हात पाहून भविष्य नाही सांगायचे.

२४ ऑगस्ट

नवे दार. लोखंडी, चौकटही लोखंडी, जाड पत्रा. भासरे म्हणाले, आता हत्ती आणला तरी तुटत नाही. (हत्ती म्हणताना त्यांनी कोणाकडे पाहिले ते मी मनावर घेतले नाही.)

ओमेश्वर हेल्मेट घालून आला आणि ते काढेचना. चहाही हेल्मेटच्या फटीतून प्याला. लॉक उलगडले, दुरुस्त केले, नव्या दाराला बसवले, सगळे अंगठे पुसून पुन्हा सुरुवात. पहिला अंगठा पुन्हा जाऊबाईंचा. तेव्हा कुठे मला ऐकू आले. पहिला अंगठा हाच मालक. तो लागल्याशिवाय दुसरा कोणताच अंगठा आत घेतला जात नाही. म्हणजे ३१ जुलैपासून मालकीण त्या होत्या!

मी विचारले, मला का नाही सांगितले. म्हणाला, "बताया था आंटीजी, आप नारियल फोड़ रही थीं." स्टूल हेल्मेटवर बसले. हेल्मेट चांगल्या प्रतीचे आहे. बाकीचे अंगठे टाकायचे राहून गेले, तो बॅग घेऊन पळाला. टायरवाल्याजवळ निरोप ठेवून गेला, अब पुलिस के साथ आऊँगा.

जाऊबाई म्हणाल्या, "डावा अंगठा आण ना इकडं, आताच टाकू. त्यात काय?" जशी काही भीक घालत आहेत. मी म्हटले, मला नको. त्या म्हणाल्या, "मंग कायले रडून राहिली?" मी रडत नव्हते. त्यानंतर जे झाले त्यात मी त्यांचे केस ओढले नाहीत, त्यांनी मान मागे घेतली म्हणून माझ्या मुठीत राहिले.

रविवार होता काल. तेल त्यांनीच लावले. आजचे झाल्यावर पुढच्या रविवारी काय करतात पाहू.

३० ऑगस्ट, रविवार

लावले. जरा दाबून.

५ सप्टेंबर

रोज सकाळी जाऊबाई हात धुतात, येतात, अंगठा लावतात, दार उघडते. कोणी भांडत नाही. भासरे वर जातात, हे वर जातात, मास्तर वर जातात. टायरवालाही म्हणतो, बडी भाभी आई तो शांति आई. माझे सव्वीस हजार चारशे आणि शांती त्यांची.

मी राग सोडला आहे. त्यामुळे काही म्हणता येत नाही. फार जड जाते.

१३ सप्टेंबर, नारबोद

काल पोळा चांगला झाला. आज पहाटे रीतीप्रमाणे पळसाच्या डहाळ्या घेऊन सगळे शिवेकडे निघालो. खोकला घेऊन जाय री नारबोद! ढेकूण-मच्छर घेऊन जाय री नारबोद! पोरे ओरडतात, बायका ओरडतात, वर्षाची पिडा गावाबाहेर.

कॉम्प्लेक्सवरून जाताना जाऊबाई पायरीवर उभ्या होत्या. एक अंगठा दाराला, दुसऱ्या हातात मोबाइल, हर्षिताला दाखवायला आमचा व्हिडिओ काढत होत्या. मशीन त्यांना वेलकम म्हणाली.

माझ्या तोंडून निघाले, "अंगठेवालीले घेऊन जाय री नारबोद!"

गंमत म्हणून. पण पोरांनी उचलले. मग बायकांनी. सगळा रस्ता तेच ओरडत शिवेपर्यंत गेला. त्यांच्या मोबाइलमध्ये ते भरू नये म्हणून मी डहाळी मारली, मोबाइल बैलांच्या पाण्याच्या टाक्यात गेला. हर्षिताचा नंबर त्यातच होता.

दुपारी जाऊबाईंनी पिशव्या भरल्या. मी म्हटले, रक्ताचे ठरले होते, बोलण्याचे नव्हते. जाऊबाई म्हणाल्या, "मारलं असतंस तं राहिली असती वो. केस उपटले, राहिलीच ना? आज तू साऱ्या गावासंगं हाकललं." आवाज चढवला नाही. मला चढवलेला आवाज समजतो, हा समजला नाही.

भासरे जाताना भिंतीकडे तोंड करून म्हणाले की लोखंडी दार चांगले आहे. हे पिशव्या घेऊन बसमध्ये चढले, पोचवून येतो म्हणाले. वळून पाहिले नाही.

जाताना जिन्याचे दार ओढून घेतले जाऊबाईंनी. आपोआप लागते ते.

१४ सप्टेंबर

दाराच्या फटीत घातलेली सब्बल वाकली. घणाचा दांडा तुटला, त्याचे डोके टायरवाल्याच्या हवेच्या मशीनवर गेले. ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढले, साखळी तुटली, ट्रॅक्टर रस्त्यापलीकडच्या ढाब्याच्या खाटांवर. लॉकला चरे पडले, बाकी सोनेरी आहे. माझे दोन्ही अंगठे लावले, मग सगळी बोटे. प्रत्येक बोटाला तेच म्हणते. शेवटी डोके आपटले. दाराला. त्यालाही ती प्लीज ट्राय अगेन म्हणाली.

तलावावर जाऊन आले. पाणी काठोकाठ आहे.

मास्तर पोरांना चिंचेखाली बसवून की-बोर्डशिवाय टायपिंग शिकवत आहेत. घरात एकटीचा स्वयंपाक करायचे माप मला येत नाही. भात उरला.

१५ सप्टेंबर

राजनांदगावला पत्र टाकले. नक्कल:

ती. जमुनाबाईंस पुष्पांजलीचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. दार मजबूत आहे. गणपती परवा, महालक्ष्म्या त्याच्या मागोमाग, आणि त्यांची ट्रंक वरच्या खोलीत आहे हे तुम्हाला माहीतच आहे. थोरली आणि धाकटी दोघी आत कोंडल्या आहेत. बाजारातून नव्या आणाव्या तर मन होत नाही, आणि एकीला एकटी बसवत नाहीत.

लॉकमध्ये अंगठा तुमचा एकच आहे. दुसऱ्या कोणाचा आता घ्यायचा नाही, राहू द्या तसाच. भासऱ्यांना पदर घेऊन नमस्कार. यांना पाठवायचे तर पाठवा, घाई नाही. तुम्ही यावे. सेल नवे आणले आहेत, चांगल्या कंपनीचे, पूर्ण भावाने. नारबोदला जे निघाले ते रागाने नव्हते, मला राग येत नाही हे तुम्ही जाणता. तसे नसेल तर येऊन सांगावे. उलथणे-झाडू वरच्या फळीवर ठेवले आहे, तिथे माझा हात पुरत नाही. मागेही पुरत नाही. रविवार जवळ आला आहे.

कोणत्या बसने निघता, ते उलट टपाली कळवावे.